सरळ वाऱ्याची कथा

उभें पीक भुईसपाट झालेलें पाहून आलेला वारा फिरता होता कीं सरळ, हें सांगतां येईल काय? शेतकऱ्याचा नाश दोहोंनींही होतो, तेव्हां हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा वाटेल. पण आयोवा या अमेरिकेंतील मक्याच्या प्रांतांत त्यावरच हवामानशास्त्राचें एक प्रकरण उभें राहिलें.

गुस्टाव्हस हिन्रिक्स हे तेथील विद्यापीठांत प्राध्यापक होते. १८७५ सालीं त्यांनीं प्रांतभर हौशी निरीक्षकांचें जाळें उभारलें. ३१ जुलै १८७७ रोजीं एक प्रचंड वादळ आयोवा ओलांडून गेलें. त्याची आघाडी कोणत्या वेळीं कोठें होती, हें हिन्रिक्सांनीं नकाशावर रेखाटलें. भोंवऱ्याच्या वाऱ्यानें झाडें एका चिंचोळ्या पट्ट्यांत आडवींतिडवीं पडतात. येथें मात्र वारा शेंकडों मैल सरळ धांवला होता. टॉर्नेडोहून निराळ्या अशा या वादळास त्यांनीं १८८८ सालीं स्पॅनिश भाषेंतील 'सरळ' या अर्थाचा 'देरेचो' हा शब्द योजिला. परंतु तोंवर त्यांची विद्यापीठांतील जागाही गेली होती, आणि तो शब्द लवकरच विस्मृतींत गेला. वादळें अर्थातच थांबलीं नाहींत!

नागासाकीच्या अणुबाँबनंतर तेथील झाडें एका बिंदूपासून चहूंकडे कशीं पडलीं, हें तेत्सुया फुजिता यांनीं १९४५ सालीं पाहिलें होतें. पुढें ते शिकागोस आले. १९७४ सालच्या वादळांनंतर विमानांतून पाहणी करतांना तशीच आकृति त्यांस अमेरिकेच्या अरण्यांत दिसली. पावसानें गारठून जड झालेली हवा ढगांतून खालीं कोसळते व जमिनीवर आपटून पसरते, असा त्यांनीं उलगडा केला. अशा ढगांची रांगच्या रांग पुढें सरकूं लागली कीं देरेचो होतो. १९८७ सालीं जॉन्स व हर्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं हिन्रिक्सांचा शब्द पुन्हां प्रचारांत आणिला.

त्याचा अर्थ आयोवाच्या घरोघरीं कळला तो १० ऑगस्ट २०२० रोजीं. त्या वादळानें चौदा तासांत सुमारें ७७० मैल मजल मारली. सीडर रॅपिड्स शहराजवळ वाऱ्याचा वेग ताशीं १४० मैलांपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या कागदासारख्या चुरगळल्या. कणसें भरत आलीं होतीं. पण मोडून जमिनीस चिकटलेला मका कापणीच्या यंत्रास उचलतां येईना. सुमारें साडेआठ लक्ष एकरांवरील पिकाची कापणीच झाली नाहीं. कित्येकांनीं तें तसेंच मातींत नांगरून टाकिलें.