कळवळ्याचे मोल

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली आणि या खोऱ्यातील शिवारे हिरवी झाली. त्यामुळे दुष्काळात घरदार सोडून निघालेला माणूस नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे चटकन उभा राहत नाही. त्याला ओळखायचे असेल, तर आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावचा इतिहास पाहावा.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवीत होत्या. पैसा मोजकाच होता. तरीही त्या दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून त्यांची सोय केडगावच्या शेतावर करण्यात आली. तेथेच १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या २,००० च्या जवळ पोहोचली.

हे धैर्य आले कोठून? १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण मृत्युमुखी पडली. उरलेली रमाबाई आणि तिचा भाऊ उपाशीपोटी गावोगाव पायपीट करीत राहिली. भुकेल्या मुलीच्या चेहऱ्यात रमाबाईंना आपलेच बालपण दिसले असले पाहिजे.

प्रभू येशूला लोकसमुदायाचा कळवळा आला, असे शुभवर्तमान सांगते. तेथील मूळ ग्रीक शब्दाचे नाते आतड्यांशी आहे. आपल्या मराठीतही दुसऱ्याचे दुःख पाहून आतडे पिळवटते. दया दुरून करता येते. कळवळा माणसाला जवळ नेतो. म्हणूनच केडगावात केवळ अन्नछत्र निघाले नाही. तेथे शिक्षण होते, विणकाम, शेती आणि छपाईचे काम होते. अंध भगिनींसाठी ब्रेल लिपी होती. हात पसरणाऱ्या हातांना तेथे काम मिळाले.

रमाबाईंनी १८८३ साली अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथोलिक नव्हत्या. पण शेजारधर्म शिकविताना प्रभूने शोमरोनी माणसाचाच दाखला दिला, हे आपण विसरू नये.

बाजारभाव कोसळून कर्जात बुडालेला शेतकरी, ऊसतोडीला आलेले कुटुंब, पतीच्या पश्चात एकाकी झालेली भगिनी आपल्या धर्मग्रामाच्या सीमेतच आहेत. नाताळात त्यांना जुने कपडे पोहोचविणे सोपे आहे. त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचे ऐकून घेणे, त्यांच्या मुलाच्या शाळेची चौकशी करणे अवघड आहे. ख्रिस्ताची वाट मात्र त्या ओसरीवरूनच जाते.