९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपी सुटतो का?

समजा, रायगडमधल्या मांडवा सागरी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि एकाला अटक झाली. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. तिथे कोठडीचा पहिला आदेश होतो, त्या दिवसापासून आरोपपत्राची मुदत मोजली जाते; अटकेच्या दिवसापासून नाही.

मुदत किती?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार:

- फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा जास्त कैदेचा गुन्हा : ९० दिवस
- इतर गुन्हे : ६० दिवस
- मकोका, यूएपीए (त्या-त्या कायद्यातल्या तरतुदीनुसार) : न्यायालयाने मुदत वाढवल्यास १८० दिवसांपर्यंत

मुदत उलटली तर?

आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. याला 'डिफॉल्ट जामीन' म्हणतात. पुरावे किती भक्कम आहेत, हे त्यावेळी पाहिलं जात नाही. पण खटला रद्द होत नाही आणि आरोपी निर्दोषही ठरत नाही. तपास सुरूच राहतो. आरोपी कोठडीत नसेल, तर ही ६०-९० दिवसांची मुदत लागूच होत नाही.

अर्ज कधी करायचा?

मुदत संपल्यानंतर, पण आरोपपत्र दाखल होण्याआधी. हा जामीन आपोआप मिळत नाही.

भीमा कोरेगाव प्रकरणात वकील सुधा भारद्वाज यांनी आरोपपत्र येण्याआधीच अर्ज केला होता. आरोपपत्र फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. पुण्याच्या ज्या न्यायालयाने मुदत वाढवली होती, त्याला तो अधिकारच नव्हता, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना जामीन दिला. याच प्रकरणातल्या इतर आठ जणांचे अर्ज मात्र फेटाळले गेले, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. म्हणजे हक्कासाठीही तारीख सांभाळावी लागते. तीही भारद्वाज यांनी सांभाळली, तरी निकाल यायला जवळपास तीन वर्षं गेली.

तक्रारदाराला काय मिळतं?

कलम १९३ नुसार, तपास कुठवर आला हे पोलिसांनी तक्रारदाराला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायचं असतं. मोबाइलवर मेसेज आला तरी चालतो. तो आला नाही, तर ठाण्यात जाऊन लेखी विचारणा करा आणि पोच घ्या.