अर्धच्छेद आणि निरुद्ध : जैन आचार्यांचा गणिती वारसा

पेठ वडगावच्या नावातच बाजारपेठ आहे. जेथे बाजार तेथे हिशेब आणि जेथे हिशेब तेथे भागाकार, हे ओघानेच येते. एखाद्या संख्येला कोणत्या संख्येने निःशेष भाग जातो, हा प्रश्न व्यापारी माणूस नित्य सोडवीत असतो. याच प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार जैन आचार्यांनी सुमारे बाराशे वर्षांपूर्वी केला होता, ही गोष्ट मात्र समाजातील थोड्यांनाच ठाऊक असते.

आचार्य वीरसेन यांनी षट्खंडागमावरील 'धवला' ही टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली. जीवराशींची गणना करताना अतिशय मोठ्या संख्या हाताळाव्या लागत. त्यासाठी 'अर्धच्छेद' ही संकल्पना योजिली गेली. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते तिचे अर्धच्छेद. ३२ चे क्रमाने १६, ८, ४, २ आणि १ होतात. म्हणून ३२ चे अर्धच्छेद पाच. तीनने भागत गेल्यास 'त्रिकच्छेद' मिळतात. ८१ चे त्रिकच्छेद चार. ८ चे अर्धच्छेद तीन व ४ चे दोन. त्यांच्या ३२ या गुणाकाराचे अर्धच्छेद बरोबर पाच, म्हणजे दोहोंची बेरीज. गुणाकाराचे काम बेरजेवर आणणारे हेच तत्त्व युरोपात नेपिअरच्या १६१४ सालच्या लॉगॅरिथमच्या ग्रंथातून पुढे आले.

त्याच शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. कोल्हापूरचा प्रदेश तेव्हा राष्ट्रकूटांच्याच साम्राज्यात होता. अपूर्णांकांची बेरीज सुलभ व्हावी म्हणून महावीराचार्यांनी 'निरुद्ध' सांगितला. शाळेत शिकविला जाणारा लघुतम साधारण विभाज्य, अर्थात लसावि, तो हाच. छेदांचे सामाईक अवयव आणि त्यांनी भागून उरलेले भागाकार यांचा गुणाकार केला की निरुद्ध मिळतो. १२ व १८ घेतल्यास सामाईक अवयव २ आणि ३. उरलेले भागाकार २ आणि ३. या चारांचा गुणाकार ३६. बारा मीटरचे आणि अठरा मीटरचे अखंड तागे घेऊन दोन्ही कापडे सारख्याच लांबीची हवी असतील, तर किमान ३६ मीटर घ्यावे लागते. पहिल्याचे तीन तागे, दुसऱ्याचे दोन.

भागत भागत जाताना काही संख्या अशा भेटतात की त्यांना एक आणि ती संख्या यांवाचून विभाजकच नसतो. त्या मूळ संख्या. ९७ ही मूळ आहे का, हे पाहण्यासाठी २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनीच भागून पाहणे पुरेसे असते. कारण ९७ चे वर्गमूळ दहाच्या आत आहे. चारांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ. ९१ मात्र फसवी. ती ७ आणि १३ यांचा गुणाकार आहे. नारायण पंडितांनी १३५६ मधील 'गणितकौमुदी'त विभाजक शोधण्याच्या रीती सविस्तर दिल्या. अतिशय मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे निश्चितपणे व तुलनेने शीघ्र ठरविण्याची रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जगापुढे मांडली.

हा वारसा नष्ट होण्याचीही भीती होती. धवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात बंदिस्त होत्या. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड निघाला. १९४२ च्या चौथ्या खंडात डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणित उलगडून दाखविले. 'गणितसारसंग्रह' १९१२ मध्ये मद्रासला प्रा. रंगाचार्य यांनी प्रसिद्ध केला होता. त्याची हिंदी आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली.

आचार्यांनी ज्ञान दिले, पंडितांनी ते उलगडले आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी आपली थैली मोकळी केली. पाठशाळेतील मुलांना लसावि समजावताना 'निरुद्ध' हा शब्दही सांगितला गेला, तर त्या सर्वांचे श्रम सार्थकी लागतील.