सदस्यांसाठी राखीव श्वान उद्यान

सदस्यांसाठी राखीव श्वान उद्यान म्हणजे ज्या कुंपणबंद जागेत केवळ नोंदणीकृत सदस्यांच्या कुत्र्यांनाच पट्ट्याविना मोकळे सोडता येते, अशी जागा होय. सर्वांसाठी खुल्या असलेल्या श्वान उद्यानात, म्हणजेच डॉग पार्कमध्ये, शेजारी खेळणाऱ्या कुत्र्याचे लसीकरण झाले आहे की नाही, हे पालकाला कळण्याचा मार्ग नसतो. सदस्यत्वाच्या पद्धतीत ही पडताळणी प्रवेशापूर्वीच केली जाते. अशी उद्याने मुख्यतः अमेरिकेच्या शहरांमध्ये आढळतात. ती स्वयंसेवी संघटना, स्थानिक प्रशासन किंवा खासगी व्यावसायिक यांच्याकडून चालवली जातात.

इतिहास

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी डॉग पार्क हे अमेरिकेतील पहिले श्वान उद्यान मानले जाते. ते सर्वांसाठी खुले होते. पुढे शहरांमधील कुत्र्यांची संख्या वाढली, तसे प्रवेशावर नियंत्रण ठेवणारे निरनिराळे प्रकार निर्माण झाले. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील मर्सर-ह्यूस्टन डॉग रन हे सदस्यांच्या वर्गणीतून आणि स्वयंसेवकांच्या श्रमातून चालणाऱ्या उद्यानाचे परिचित उदाहरण आहे. शिकागोमध्ये उद्याने सार्वजनिक असली, तरी कुत्र्यासाठी परवाना आणि गळपट्ट्याला लावायचा बिल्ला आवश्यक असतो. हा परवाना लसीकरणाची खात्री करून पशुवैद्यकांमार्फत दिला जातो. डॅलस येथे २०१३ मध्ये सुरू झालेले मट्स कॅनाइन कँटिना आणि कॅन्सस सिटी येथे २०१८ मध्ये सुरू झालेले बार के यांनी श्वान उद्यानाला उपाहारगृहाची जोड दिली. अशा व्यावसायिक ठिकाणी मासिक किंवा वार्षिक सदस्यत्वाबरोबरच एका दिवसाचा प्रवेशही मिळू शकतो.

सदस्यत्वाची प्रक्रिया

अर्जामध्ये पालकाची व कुत्र्याची माहिती, पशुवैद्यकाचे नाव आणि पूर्वी चावा घेतल्याची घटना घडली असल्यास तिचा तपशील मागितला जातो. अर्जासोबत स्थानिक प्रशासनाचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. रेबीज, डिस्टेंपर व पार्व्होव्हायरस यांविरुद्धच्या लसी सामान्यतः अनिवार्य असतात. केनेल कफ या खोकल्याच्या साथीला कारणीभूत ठरणाऱ्या बोर्डेटेला जिवाणूविरुद्धची लसही बहुतेक ठिकाणी मागितली जाते. काही उद्याने लेप्टोस्पायरोसिस व श्वान इन्फ्लुएन्झा यांच्या लसी, तसेच विष्ठेच्या तपासणीत जंत नसल्याचा अहवाल मागतात. लसीची मुदत संपताच सदस्यत्व आपोआप स्थगित होते, असा नियम अनेक ठिकाणी असतो.

पिल्लांची प्राथमिक लसमालिका साधारण १६ आठवड्यांच्या वयात पूर्ण होते. त्यामुळे त्याआधी प्रवेश दिला जात नाही. ठरावीक वयानंतर निर्बीजीकरणाची अटही घातली जाते. माजावर आलेल्या मादीला मात्र सर्वत्र मनाई असते.

कागदपत्रांनंतर अनेक उद्यानांत स्वभावचाचणी होते. कुत्र्याला प्रथम रिकाम्या आवारात जागेचा वास घेऊ दिला जातो. त्यानंतर एका शांत कुत्र्याशी आणि मग छोट्या गटाशी त्याची ओळख करून दिली जाते. पुढचे पाय वाकवून खेळाचे आमंत्रण देणे, पाठलाग करताना आलटूनपालटून भूमिका बदलणे आणि हाक मारताच परत येणे ही चांगली लक्षणे मानली जातात. अंग ताठ करून एकटक पाहणे, चेंडूवर किंवा पाण्याच्या भांड्यावर हक्क सांगत गुरगुरणे आणि दुसरा कुत्रा दूर जात असतानाही त्याचा पिच्छा न सोडणे ही सावधगिरीची लक्षणे होत. भित्रा कुत्रा आक्रमक नसला, तरी अशा गर्दीत त्याला त्रास होऊ शकतो. त्यामुळे नकार हा नेहमीच त्याच्या वाईट वर्तनाचा ठपका नसतो.

नियम आणि दायित्व

प्रवेशासाठी किल्ली, सांकेतिक क्रमांक किंवा कार्ड दिले जाते. प्रवेशद्वार दुहेरी असते. पहिले दार बंद झाल्यावर मधल्या जागेत पट्टा काढून मगच दुसरे दार उघडायचे असते. पट्टा बांधलेला कुत्रा मोकळ्या कुत्र्यांमध्ये नेल्यास त्याला हवे तेव्हा दूर जाता येत नाही आणि भांडणाचा संभव वाढतो. लहान व मोठ्या कुत्र्यांसाठी बहुधा स्वतंत्र आवार असते. विष्ठा उचलणे, कुत्र्यावर सतत लक्ष ठेवणे आणि आवारात खाद्यपदार्थ न आणणे ही सर्वसाधारण बंधने आहेत.

सदस्याला दायित्वमुक्तीच्या पत्रावर स्वाक्षरी करावी लागते. त्यामुळे चावा घेणाऱ्या कुत्र्याच्या मालकाची कायदेशीर जबाबदारी आपोआप संपत नाही. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कुत्रा पूर्वी कधीही चावला नसला, तरी त्याचा मालक नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरू शकतो.

मर्यादा

पडताळणीमुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. बोर्डेटेलाची लस घेतलेल्या कुत्र्यालाही केनेल कफ होऊ शकतो, कारण या विकाराला अनेक विषाणू व जिवाणू कारणीभूत असतात. पार्व्होव्हायरस मातीत अनेक महिने टिकून राहतो. २०१५ मध्ये शिकागो परिसरात श्वान इन्फ्लुएन्झाची मोठी साथ पसरली. ती एच३एन२ या विषाणूमुळे आली होती आणि अमेरिकेत हा प्रकार तोवर आढळला नव्हता. त्या वेळी कुत्र्यांना एकत्र येऊ न देण्याचा सल्ला देण्यात आला होता. नव्या रोगापुढे जुने प्रमाणपत्र अपुरे पडते, हे यातून स्पष्ट होते. शांत स्वभावाचा कुत्राही वेदना, थकवा किंवा गर्दी यांमुळे एखाद्या दिवशी वेगळा वागू शकतो.

टीका

सदस्यत्वावरील मुख्य आक्षेप समान प्रवेशाबाबतचा आहे. खासगी जागेवरील उद्यानाने शुल्क आकारणे सहसा वादग्रस्त ठरत नाही. सार्वजनिक जमिनीवर कुलूपबंद फाटक उभे राहिले, तर मात्र ज्यांना वर्गणी परवडत नाही, ते करदाते त्या जागेला मुकतात. मर्यादित सदस्यसंख्येमुळे प्रतीक्षायादीही लांबते. समर्थकांच्या मते, स्वच्छता, कुंपणाची दुरुस्ती आणि नियमांची अंमलबजावणी यांचा भार वर्गणी व सदस्यांचे श्रम उचलतात. शिकागोसारखी परवाना पद्धत हा या दोन भूमिकांमधील मध्यममार्ग होय. तेथे आरोग्याची पडताळणी होते, परंतु सदस्यांची संख्या मर्यादित ठेवली जात नाही.

भारतातील स्थिती

हैदराबाद महानगरपालिकेने कोंडापूर येथे २०१८ मध्ये केवळ कुत्र्यांसाठीचे उद्यान सुरू केले. मुंबई व पुणे येथे पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीकरणाचा पुरावा लागतो. सदस्यत्वासाठी लागणारा आरोग्यविषयक पाया त्यामुळे अंशतः आधीच उपलब्ध आहे. तथापि, भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या परिसरात प्रमाणपत्रांइतकेच भक्कम कुंपण आणि दुहेरी प्रवेशद्वार महत्त्वाचे ठरते.