तुळशीची छाटणी : केव्हा, कशी आणि किती?

मराठी घरात दुसरे कोणते झाड असो वा नसो, तुळस असतेच. अंगणातील वृंदावने नाहीशी झाली, तशी ती सदनिकेच्या गॅलरीत किंवा खिडकीच्या लोखंडी जाळीतील कुंडीत येऊन विसावली. मात्र कुंडीतली तुळस टिकत नाही, ही तक्रार शहरात सर्रास ऐकू येते. नवे रोप सुरुवातीला चांगले डवरते, मंजिऱ्यांनी भरून जाते आणि वर्ष-दीड वर्षात खालून उघडे पडत वाळून जाते. अपुरे ऊन आणि अति पाणी ही त्याची परिचित कारणे होत. परंतु आणखी एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. झाड पूज्य असल्यामुळे त्याला कात्री लावण्यास मन धजत नाही. परिणामी पानांची दाटी वाढत जाते आणि तीच पुढे झाडाच्या मुळावर येते.

झाडाची घडण

तुळस ही पुदिना, सब्जा आणि मरवा यांच्या कुळातील वनस्पती. लिनियसने १७५३ साली तिला ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ हे नाव दिले. ‘ऑसिमम सँक्टम’ हे अधिक परिचित नाव त्यानेच १७६७ साली दिलेले. पण अग्रक्रमाच्या नियमानुसार आता पहिलेच नाव ग्राह्य मानले जाते.

या कुळातील झाडांप्रमाणे तुळशीची कोवळी फांदी चौकोनी असते आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक सुप्त डोळा असतो. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ‘ऑक्झिन’ हे संप्रेरक खाली उतरते आणि त्याच्या प्रभावामुळे हे डोळे दबलेले राहतात. शेंडा खुडला की हा दाब उठतो आणि लगतच्या पेरावरील दोन्ही डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन होतात. तुळशीच्या छाटणीचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

दाटीने काय होते?

वरच्या पानांची सावली पडली की आतल्या आणि खालच्या पानांना पुरेसा प्रकाश मिळत नाही. ती पिवळी पडून गळतात. गॅलरीत प्रकाश एकाच बाजूने येत असल्याने हा प्रकार अधिक लवकर घडतो. झाडाची एक बाजू भरगच्च आणि दुसरी बोडकी दिसू लागते.

दुसरा परिणाम हवेशी निगडित आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणातील दमट हवेत दाट पानांमध्ये साचलेले पाणी लवकर सुकत नाही. अशा वेळी पानांवर बुरशीचे डाग पडतात, कोवळ्या फांद्या कुजतात. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि पानामागे बसून रस शोषणारा जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण यांनाही हीच आडोशाची जागा मानवते. कीड दिसली की फवारणीचा मोह होतो. पण तुळशीचे पान तीर्थात, नैवेद्यावर आणि काढ्यात जाते, म्हणजे थेट पोटात जाते. त्यावर रासायनिक कीटकनाशक मारणे योग्य नव्हे. फवारणीची वेळच येऊ नये, यासाठी पानांची विरळणी हा साधा उपाय आहे.

मंजिरीचा प्रश्न

तुळशीची मंजिरी शेंड्यावर येते. त्यामुळे मंजिरी आली की त्या फांदीची पुढची वाढ थांबते. फुलांनंतर बी धरू लागले म्हणजे झाडाची शक्ती तिकडे वळते, नवी पालवी मंदावते आणि फांद्या काष्ठमय होतात. सगळ्या मंजिऱ्या झाडावरच वाळू दिल्यास तुळस लवकर म्हातारी होते. बियांसाठी एक-दोन मंजिऱ्या राखाव्यात, बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात.

गळलेल्या बियांमुळे दुसरीही एक दाटी होते. त्याच कुंडीत आठ-दहा रोपे उगवतात आणि ती काढणे जिवावर येते. एका मध्यम कुंडीत एकच रोप नीट पोसले जाते. उरलेली चार-सहा पाने असतानाच अलगद उचलून दुसरीकडे लावावीत किंवा शेजारीपाजारी द्यावीत.

छाटणी केव्हा?

शेंडे आणि मंजिऱ्या खुडण्याचे काम वर्षभर, दर आठ-पंधरा दिवसांनी करता येते. मोठ्या छाटणीसाठी फाल्गुनाचा काळ, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्च, उत्तम. थंडी सरून नवी फूट येण्याचे ते दिवस असतात. मे अखेरीस, पावसापूर्वी, आतील गर्दी कमी करून घ्यावी. पावसाळ्यात कापायचेच झाल्यास उघडीप पाहून कापावे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा ती बहुधा मंजिऱ्यांनी लदलेली असते. लग्न झाल्यावर त्या उतरवून घ्याव्यात. मात्र डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः पुणे-नाशिककडील थंडीत, खोल छाटणी करू नये. त्या दिवसांत वाढ मंद असल्याने झाड लवकर सावरत नाही.

छाटणी कशी?

१. सकाळची वेळ निवडावी, म्हणजे काप दिवसभरात सुकतो. कोवळा शेंडा नखाने खुडता येतो. जाड फांदीसाठी लहान धारदार कात्री स्पिरिटने पुसून वापरावी.

२. प्रथम वाळलेल्या काड्या, पिवळी व डाग पडलेली पाने आणि मातीला टेकणारी पाने काढावीत.

३. त्यानंतर झाडाच्या आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या बारीक फांद्या बुडापासून कापाव्यात. मध्यभागी हवा खेळू लागली पाहिजे.

४. शेवटी उंच गेलेले शेंडे कमी करावेत. काप नेहमी पानांच्या जोडीच्या थोडा वर द्यावा. मध्येच काप दिल्यास वरचा खुंट वाळतो.

५. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा अधिक पाला काढू नये. खालच्या जून, पर्णहीन लाकडात कापल्यास तेथून फूट येईलच असे नाही. म्हणून कापाखाली हिरवी पाने राहतील याची काळजी घ्यावी.

छाटणीनंतर

पाने कमी झाल्याने झाडाला पाणीही कमी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सवयीने रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे कुजतात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे, पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी. कापलेल्या निरोगी फांद्यांपैकी तीन-चार इंचांच्या काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्यास त्यांना मुळे फुटतात आणि नवी रोपे मिळतात.

रूढी आणि छाटणी

काही घरांत रविवारी, एकादशी-द्वादशीस आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत. हे दिवस पाळूनही छाटणीला भरपूर दिवस उरतात. किंबहुना पूजेसाठी मंजिरी आणि दोन पानांचा शेंडा खुडण्याची जुनी चाल म्हणजे शेंडा मारणेच होय. ज्या घरात रोज देवाला तुळस वाहिली जाते, तेथे झाडाची छाटणी आपोआप होत असते. पूजेसाठी बाजारातून तुळस आणायची आणि घरच्या रोपाला मात्र हात लावायचा नाही, ही रीत झाडाच्या हिताची नाही. आपल्याच कुंडीतला शेंडा देवाला वाहावा. त्यात पूजाही साधते आणि तुळसही टिकते.