हबसाण : दख्खनच्या मातीतले हबशी

रायगड जिल्ह्याच्या नकाशावर मुरूडजवळ समुद्रात जंजिरा दिसतो. 'जझीरा' म्हणजे बेट, या अरबी शब्दाचेच हे मराठी रूप. पण त्या किनाऱ्यावरील मुलुखाला आणखी एक नाव होते, ते आज फारसे कोणाच्या ओठी नाही : हबसाण, म्हणजे हबशांचा मुलूख. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. कोकणच्या भूमीला आफ्रिकेतील लोकांवरून नाव पडावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

हे लोक बहुतांशी गुलाम म्हणून आले आणि दख्खनच्या सुलतानांच्या सैन्यात भरती झाले. दरबारात तेव्हा दोन तट होते. इराण-तुराणातून आलेले ते आफाकी आणि इथे रुजलेले ते दख्खनी. हबशीही समुद्रापलीकडचेच, तरी त्यांची गणना झाली दख्खनींत! याचे कारण, माझ्या मते, रंगात नसून परतीच्या वाटेत आहे. इराणी उमरावाचे मायदेशाशी नाते टिकून होते. हबशाचे मात्र घर, गाव, आईबापांनी ठेवलेले नावसुद्धा सुटलेले. त्याने दख्खनी बोली उचलली व हीच भूमी आपली मानली.

मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत मोठा. बगदादमार्गे विकत विकत तो निजामशाहीत पोचला. त्याला विकत घेणारा वजीर चंगेजखान स्वतः हबशीच होता. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडते राज्य अंबरने सावरले. मराठा बारगिरांना हाताशी धरून त्याने मोगलांना जेरीस आणले; १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याला वर्णावरूनच हिणवले आहे. आपल्याकडे आजही सावळ्या मुलाला 'हबशी' म्हणून चिडवतात, तेव्हा चिडवणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो.

अंबरने खडकी ही राजधानी १६१० च्या सुमारास वसवली. तेच पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, पण खडकाळ, कोरड्या जागी शहर उभे राहिले ते नहर-ए-अंबरीमुळे. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून उताराने गावात आणले होते. शेतीतही जमिनीची प्रतवारी पाहून त्याने सारा ठरवला. शेतकरी त्याला मलिकंबरी धारा म्हणत.

जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे यांचे वैर मात्र खरे होते. ते झाकण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी १६८२ मध्ये वेढा दिला, तरी किल्ला पडला नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. घराणे हबशी असले, तरी प्रजा बहुतांश मराठी बोलणारी हिंदूच होती.

सारेच आफ्रिकी नबाब झाले नाहीत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी पुष्कळ जण पळून उत्तर कन्नड जिल्ह्यातील रानांत गेले. यल्लापूर-हल्याळकडचे आजचे सिद्दी बव्हंशी त्यांचेच वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. घरात ते बोलतात ती बोली कोकणी-मराठी वळणाची आहे.