कर्जत-खालापूर परिसरातील घरगुती सागरी मत्स्यालय आणि जलशुद्धीकरण पद्धतीची निवड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) हा सागरी जिल्हा असला, तरी त्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनारा लाभलेला नाही. येथे घरी सागरी मासे व प्रवाळ पाळावयाचे झाल्यास बहुधा गोड्या पाण्यात क्षार मिसळूनच सागरजल तयार करावे लागते. हे गोडे पाणी कसे शुद्ध करावे, हा प्रश्न केवळ यंत्रखरेदीचा नसून स्थानिक पाण्याच्या इतिहासाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

कृत्रिम सागरजलाची परंपरा :
लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. समुद्राचे पाणी शहरापर्यंत वाहून आणणे खर्चाचे असल्याने फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये चार क्षारांपासून सागरजल बनविण्याची कृती मांडली. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला मरीन ड्राइव्हवर समुद्र शेजारीच होता. कर्जत-खालापूरची स्थिती या दृष्टीने मुंबईपेक्षा लंडनशी अधिक मिळतीजुळती आहे.

सागरजलात प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरला साधारण ३.५ किलो. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. ही तूट गोड्या पाण्याने भरावी लागते व त्यातील अशुद्धी टाकीत साठत जाते.

स्थानिक जलस्रोत :
टाटांचे खोपोली वीजगृह १९१५ मध्ये, तर भिवपुरी वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील जलाशयांत साठलेले पावसाचे पाणी वीजनिर्मितीनंतर अवजल म्हणून अनुक्रमे पाताळगंगेत आणि पेज नदीमार्गे उल्हास नदीत येऊ लागले. पावसाच्या साठ्याचे हे पाणी सामान्यतः मृदू असते. उलट, बेसॉल्ट खडकातील विहिरी व विंधणविहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असू शकते. म्हणून एकाच तालुक्यातील दोन घरांना एकच शुद्धीकरण पद्धत योग्य ठरेल असे नाही.

पद्धतींची तुलना :
पिण्यास योग्य पाणी प्रवाळास योग्य असतेच असे नाही. भारतीय मानक १०५०० नुसार पेयजलात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालते. प्रवाळाच्या टाकीत एवढ्याने शैवाल माजते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सक्रिय कोळशाने निघते, परंतु विरघळलेले क्षार निघत नाहीत. त्यासाठी व्युत्क्रम परासरण (आर.ओ.) उपयुक्त ठरते. लोब व सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास विकसित केलेल्या पटलामुळे ही पद्धत व्यवहार्य झाली. उरलेले क्षार आयन-विनिमय रेझिन काढून घेते. मात्र स्वयंपाकघरातील अनेक आर.ओ. यंत्रे चवीसाठी खनिजे अथवा कच्चे पाणी पुन्हा मिसळतात. ते पाणी या कामी निरुपयोगी होय.

सांडपाण्याचा प्रश्न :
लहान आर.ओ. यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी बाहेर पडले, तर १०० लिटरसाठी ३०० लिटर सांडते. ज्या परिसरातील पाणी उल्हास नदीतून खालच्या शहरांकडे जाते, तेथेच ठाकूर व कातकरी वाड्यांतील स्त्रियांना उन्हाळ्यात दूरवरून पाणी वाहावे लागते. या पार्श्वभूमीवर छंदासाठी होणारी ही नासाडी नगण्य मानता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी विद्राव्य घनपदार्थ (टी.डी.एस.) असलेल्या ठिकाणी पेयजलासाठी आर.ओ. वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते.

निष्कर्ष :
१) निवडीपूर्वी स्रोताचे टी.डी.एस. मोजावे.
२) पाणी मृदू असल्यास गाळणी, कोळसा व रेझिन एवढे पुरेसे ठरू शकते; कठीण असल्यास रेझिनपूर्वी आर.ओ. आवश्यक आहे.
३) स्वच्छ छपरावरील पहिल्या सरींनंतरचे पावसाचे पाणी कोळसा व रेझिनमधून घेतल्यास सांडपाणी जवळजवळ उरत नाही.
४) वरील प्रमाणात आर.ओ.च्या सांडपाण्यातील क्षार मूळ पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीडपट असतात. त्यामुळे मृदू पाण्याचे सांडपाणी धुण्याभांड्यांसाठी वापरता येते.

सारांश, शुद्धीकरण पद्धतीची निवड यंत्राच्या माहितीपत्रकावरून न करता पाणी कोठून येते आणि सांडलेले कोठे जाते, हे पाहून करणे हिताचे ठरते.